आपत्ती व्यवस्थापनाचे ऑनलाईन प्रशिक्षण : प्रमाणपत्र आणि सज्जता – एक चिकित्सा

प्रस्तावना

आपत्ती व्यवस्थापन, पर्यावरणीय आणीबाणी आणि हवामान बदलाशी अनुकूलन हे विषय गेल्या दोन दशकांत पदवी अभ्यासक्रमांत, शासकीय प्रशिक्षणांत आणि अध्यापकांच्या उजळणी वर्गांत स्थिरावले आहेत. या विषयांचे प्रशिक्षण आता मोठ्या प्रमाणावर ऑनलाईन पद्धतीने दिले जाते. चित्रफिती पाहाव्यात, मजकूर वाचावा, बहुपर्यायी प्रश्न सोडवावेत आणि ठरावीक गुण मिळताच प्रमाणपत्र उतरवून घ्यावे, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. या पद्धतीमुळे प्रशिक्षण अधिक लोकांपर्यंत पोहोचले, यात शंका नाही. मात्र प्रशिक्षितांची संख्या वाढली म्हणजे समाजाची सज्जता वाढली काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील काही आपत्तींच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. ऑनलाईन प्रशिक्षण आपत्तीविषयीचे ज्ञान देऊ शकते. परंतु आपत्तीतील कृती ही शारीरिक, सामूहिक आणि स्थानिक असते व ती सरावाशिवाय अंगवळणी पडत नाही, अशी या लेखाची मांडणी आहे.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. आपत्तीनंतर मदत करणे एवढ्यावर न थांबता आपत्तीपूर्व तयारी करणे आवश्यक आहे, ही जाणीव त्यानंतर दृढ झाली. १९९५ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन केंद्र स्थापन झाले आणि २००३ मध्ये त्याचे रूपांतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेत करण्यात आले. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या ३०व्या कलमाने अधिकारी, कर्मचारी व स्वयंसेवक यांचे प्रशिक्षण आणि लोकशिक्षण ही जिल्हा प्राधिकरणाची जबाबदारी ठरविली. आंतरराष्ट्रीय पातळीवर संयुक्त राष्ट्रांनी हवामान बदल आणि पर्यावरणीय आणीबाणी या विषयांवर ऑनलाईन अभ्यासक्रम उपलब्ध करून दिले. २०१७ मध्ये 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू झाल्यावर उच्च शिक्षणातही या पद्धतीला अधिकृत स्थान प्राप्त झाले.

ऑनलाईन प्रशिक्षणाची जमेची बाजू

कोणत्याही पद्धतीची चिकित्सा करताना तिचे योगदान प्रथम मान्य केले पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 'आयगॉट-दीक्षा' व्यासपीठावर अभ्यासक्रम सुरू झाले. माणसे एकत्र जमणे हाच जेथे धोका होता, तेथे हे माध्यम योग्यच होते. गडचिरोलीतील एखाद्या अध्यापकाला मुंबई-दिल्लीतील तज्ज्ञांचे व्याख्यान विनाखर्च ऐकता येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. शिवाय काही संकल्पना पडद्यावरूनही उत्तम शिकता येतात. रासायनिक गळतीचा धोका ओळखताना पदार्थ किती घातक आहे, त्याचा साठा किती आहे आणि तो हवा, पाणी किंवा माती यांपैकी कोणत्या मार्गाने माणसापर्यंत पोहोचेल, या तीन बाबी एकत्र पाहाव्या लागतात. २०१६ आणि २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटांचा विचार करता असे ज्ञान नागरिकांनाही आवश्यक आहे. त्यामुळे आक्षेप माध्यमावर नसून त्या माध्यमाकडून ठेवल्या जाणाऱ्या अपेक्षांवर आहे.

मूल्यमापनातील उणीव

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या विचारानुसार प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पातळ्यांवर करावे लागते : प्रशिक्षणार्थीची प्रतिक्रिया, त्याने संपादन केलेले ज्ञान, त्याच्या वर्तनात झालेला बदल आणि प्रत्यक्ष परिणाम. या कसोटीवर ऑनलाईन अभ्यासक्रम तपासले असता ते बहुधा पहिल्या दोन पातळ्यांवर थांबतात, असे आढळते. अभिप्राय अर्ज ही पहिली पातळी आणि प्रश्नमंजूषा ही दुसरी. इतर विषयांत ही उणीव कदाचित खपून जाईल. येथे मात्र तिची किंमत जीविताने मोजावी लागते. महाराष्ट्रातील तीन घटनांवरून हे स्पष्ट होते.

पहिली घटना ऑगस्ट २०१९ मधील महापुरातील आहे. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ (ता. पलूस) येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती, असे त्या वेळी समोर आले. बोटीत किती माणसे घ्यावीत, या प्रश्नाचे उत्तर कोणताही परीक्षार्थी अचूक देईल. परंतु काठावर रडणारी मुले आणि वृद्ध उभे असताना "आता पुढच्या फेरीला" असे ठामपणे सांगणे, माणसांना बोटीत समतोल बसविणे आणि प्रवाहात बोट सांभाळणे हे उत्तरपत्रिकेतील ज्ञान नव्हे. ते अंगात मुरलेले कौशल्य असते.

दुसरी घटना माळीणची. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातील हे गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर पोहोचली ती एस. टी. बसच्या चालकामुळे. आपत्तीत प्रथम धावणारी माणसे कोण, याचे उत्तर या घटनेत आहे. एस. टी. चालक, नावाडी, पोलीस पाटील, कोतवाल, अंगणवाडी सेविका, आशा सेविका, शेजारी यांची ही साखळी असते. ऑनलाईन प्रशिक्षण मात्र एकेका व्यक्तीला, तिच्या स्वतंत्र खात्यावर आणि सोयीच्या वेळी दिले जाते. या साखळीतील माणसांनी एकत्र येऊन कोणी कोणाला कळवायचे, हे ठरविण्याचा प्रसंग त्यात येत नाही. जुलै २०२१ मधील चिपळूणच्या महापुरात वीज व मोबाईल सेवा कोलमडली होती, हे लक्षात घेता अशी साखळी आधीच ठरलेली असणे किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरी घटना इर्शाळवाडीची. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातील या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचा समावेश नव्हता. वाहनाचा रस्ता नसल्याने बचाव पथकांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले आणि अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. जमिनीला भेगा पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे ही दरडीची लक्षणे अभ्यासक्रमात शिकविता येतात. ती कोणत्या उतारावर पाहावयाची आणि रात्री वाडीतील लोकांनी कोणत्या वाटेने खाली यावयाचे, हे मात्र त्या डोंगरावर गेल्याशिवाय ठरविता येत नाही.

भाषेचा प्रश्न

या विषयाची परिभाषा हा आणखी एक अडसर आहे. 'भेद्यता', 'लवचीकता', 'क्षमतावर्धन' यांसारखे शब्द भाषांतरातून आले आहेत. ते अहवालात शोभतात, परंतु गावात बोलत नाहीत. याउलट कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे सामान्य माणसालाही ठाऊक असते. २०१९ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. हीच खरी आपत्ती-साक्षरता होय. ती स्थानिक खूण, स्थानिक आकडा आणि स्थानिक शब्द यांतून घडते. देशभरासाठी एकच असलेल्या अभ्यासक्रमात तिला जागा मिळणे कठीण आहे.

पर्यायी अनुभव

या उणिवांवर मात करणारे अनुभव महाराष्ट्राजवळ आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर घरदुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या स्त्रियांनी 'संवाद सहायक' म्हणून काम केले. शिकावयाचा विषय त्यांचे स्वतःचे घर होता. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हवामान अनुकूल शेतीसाठी शेतीशाळांचा अवलंब करण्यात आला. शेतकरी हंगामभर पिकाजवळ जमतात, निरीक्षण करतात आणि निर्णय घेतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांसाठी १२ दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण ठेवण्यात आले. या तिन्ही ठिकाणी शिक्षण आणि स्थळ यांची फारकत झालेली नाही.

महाविद्यालयांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास अनिवार्य केला. त्यासाठी तयार झालेल्या ५० तासिकांच्या पाठ्यक्रमात क्षेत्रकार्यासाठी ५ तासिका राखून ठेवल्या होत्या. त्या क्षेत्रकार्याची अनेक ठिकाणी प्रकल्पवहीत उतरवून काढलेल्या मजकुरापर्यंत कशी घसरण झाली, हे अध्यापकवर्गास सांगण्याची आवश्यकता नाही. ऑनलाईन प्रमाणपत्रांमुळे ही घसरण अधिक सुलभ होण्याचा धोका आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पदोन्नतीसाठी ऑनलाईन अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले गेले. त्यामुळे प्रमाणपत्राला स्वतंत्र मूल्य प्राप्त झाले. आपत्तीचे प्रशिक्षण घेतलेल्या अध्यापकाच्या महाविद्यालयात संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग, एकत्र जमण्याची जागा आणि अग्निशामक नळकांडे वापरू शकणारी माणसे निश्चित झालेली नसतील, तर त्या प्रमाणपत्राचा अर्थ काय, हे आपणच आपल्याला विचारले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष व सूचना मांडता येतील :

१. ऑनलाईन अभ्यासक्रम हा प्रशिक्षणाचा पूर्वार्ध मानावा. स्थानिक रंगीत तालमीत सहभागी झाल्यानंतरच प्रमाणपत्र पूर्ण समजावे.

२. प्रशिक्षण एकट्या व्यक्तीस न देता एका गावातील अथवा संस्थेतील गटास द्यावे. त्या गटाने संपर्काची साखळी लेखी स्वरूपात तयार करावी आणि वीज व मोबाईल सेवा बंद आहे असे गृहीत धरून ती तपासावी.

३. प्रत्येक जिल्ह्यासाठी स्थानिक खुणा, पूररेषा, दरडीचे उतार, कारखाने आणि बोलीतील शब्द यांवर आधारित पुरवणी पाठ मराठीत तयार करावा. या कामी भूगोल, रसायनशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी विभागांनी एकत्र यावे.

४. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत श्रमदानाबरोबर दत्तक गावाचा आपत्ती-नकाशा ग्रामस्थांसमवेत तयार करावा आणि दर पावसाळ्यापूर्वी तो पडताळून पाहावा.

यांपैकी कोणत्याही सूचनेसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वेळ आणि श्रम मात्र लागतील, आणि ते गुणपत्रकात दिसतीलच असे नाही. तरीही पुढील जून महिना उजाडण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील किमान एका धोक्याच्या ठिकाणी विद्यार्थ्यांसह प्रत्यक्ष जाऊन यावे. प्रशिक्षणाचा आरंभ तेथून व्हावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.