तुंबीची तार कुठवर पोचली

दिलजित दोसांझ कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात पगडी बांधून पंजाबीत गायला, ते २०२३ साली. पंजाबी गाण्यानं जगाची वाट धरली होती ती कितीतरी आधी, इंग्लंडमधल्या लग्नाच्या हॉलांतून.

जालंधर-होशियारपूरकडची माणसं दुसऱ्या महायुद्धानंतर साउथॉल आणि बर्मिंगहॅम भागातल्या कारखान्यांत कामाला गेली. त्यांच्या वस्त्यांत ढोलाशेजारी सिंथेसायझर येऊन बसला. चन्नी सिंग यांचा ‘आलाप’ हा भांगडा बँड साउथॉलमध्ये सुरू झाला तो १९७७ साली. ऐंशीच्या दशकात भांगड्याच्या मैफली भर दुपारी रंगत, कारण रात्री मुलींना घराबाहेर सोडत नसत. ‘मुंडियां तों बच के’ याच मातीतलं. पंजाबी एमसीनं त्यात ‘नाइट रायडर’ मालिकेची धून घेतली, तिच्यावर एका तारेची तुंबी चढवली आणि लाभ जंजुआंचा खणखणीत गावरान आवाज तसाच ठेवला. १९९८चं हे गाणं २००३ मध्ये ब्रिटिश विक्रीयादीत पाचव्या क्रमांकावर पोचलं. परक्या कानांसाठी भाषा पातळ न करण्याचा हा बाणा पंजाबी गाण्याची खरी कमाई आहे.

आता केंद्र कॅनडाकडे सरकलं आहे. तिथल्या २०२१च्या जनगणनेत साडेसहा लाखांहून अधिक लोकांनी पंजाबी मातृभाषा नोंदवली. एपी धिल्लोंचं ‘ब्राउन मुंडे’ तिथूनच निघालं, आणि २०२४ मध्ये करण औजलानं जूनो पुरस्कारांत चाहत्यांची पसंती मिळवली.

पण गाणं जितकं लांब गेलं, तितका त्यातला पंजाब आक्रसला. बंदूक, गाडी, जमीन आणि जाट असल्याचा अभिमान एवढ्यावरच अनेक गाणी उभी असतात. सुरिंदर कौर यांच्या आवाजातली माहेर सोडणारी मुलगी किंवा बायकांच्या गिद्धा नाचात सासूला सडेतोड सुनावणारी सून मोठ्या मंचावर क्वचितच भेटते. दुसऱ्याच्या शेतात राबणारा भूमिहीन मजूर तर जवळजवळ नाहीच.

तो सापडतो कादंबरीत. गुरदयाल सिंग यांच्या ‘मढी दा दीवा’चा नायक जगसीर असाच दुसऱ्याची जमीन कसणारा. १९६४च्या या कादंबरीच्या लेखकाला १९९९चं ज्ञानपीठ मिळालं. अशा लेखनापुढची अडचण लिपीपासून सुरू होते: भारतात गुरुमुखी, पाकिस्तानात शाहमुखी. सर्वाधिक पंजाबी भाषक पाकिस्तानात, तरी तिथलं शालेय शिक्षण मुख्यतः उर्दू-इंग्रजीतून चालतं. व्हँकुव्हरचा ढाहां पुरस्कार दोन्ही लिप्यांतल्या कथा-कादंबऱ्यांचा विचार करतो, हे म्हणूनच मोलाचं काम.

नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि २०१५चं मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरलं होतं. एवढं जुनं नातं असलेल्या मराठी वाचकानं पंजाबी गाण्यावर जरूर नाचावं, आणि जगसीरची गोष्टही मिळवून वाचावी.