सुटाची ऐट आणि सुटामागचा माणूस

जुन्या धाटणीचा सूट, वेस्टकोट, खिशात रेशमी रुमाल, डोक्यावर हॅट, एवढं जमवलं की आपली शैली झाली असं बऱ्याच जणांना वाटतं. माझा आक्षेप इथेच आहे. नुसत्या नकलेला मी वेशभूषा म्हणेन.

दानिएले तामान्यी यांचं २००९ साली आलेलं ‘जेंटलमेन ऑफ बाकाँगो’ हे छायाचित्रांचं पुस्तक घ्या. ब्राझाव्हिलच्या गरीब वस्तीतले हे ‘सापर’, म्हणजे नटण्याला व्रत मानणारे पुरुष. मुखपृष्ठावर गुलाबी सुटातला ऐटबाज गृहस्थ. छायाचित्रं देखणी आहेतच. पण गरिबी आणि श्रीमंती पेहराव यांतल्या विरोधावर आपण इतके खूश होतो, की सापरांची शिस्त नजरेतून सुटते. त्यांचा नियम असा, की एका पेहरावात तीनच रंग. म्हणजे काय गाळायचं हे आधी कळलं पाहिजे.

नदीपलीकडे, तेव्हाच्या झाईरमध्ये, मोबुतूंनी १९७०च्या दशकात सूट-टायवर बंदी घातली आणि ‘आबाकॉस्त’ नावाचा कोट आणला. नावाचा अर्थच ‘सूट मुर्दाबाद’! अशा देशात पापा वेम्बांसारखा गायक झोकात सूट घालतो, तेव्हा गोऱ्या मालकाचा तोच कपडा हुकूमशहाला उत्तर ठरतो.

पोटाला चिमटा काढून महागडे बूट घेणं मला पटत नाही, हेही सांगतो. पण आजोबांचा कोट चढवताना एवढं स्वतःला विचाराच, की यातलं मी काय ठेवतोय, काय टाकतोय आणि का? तिथून शैली सुरू होते.