जिंकलं म्हणजे सिद्ध झालं का?

संशोधन पद्धतीचा पेपर वाचून डोकं जड झालं असेल, तर आज एक सिनेमा घेऊ. 'नीड फॉर स्पीड', 2014 सालचा, व्हिडिओ गेमवर बेतलेला.

गोष्ट सरळ आहे. टोबी मार्शल गॅरेजवाला, डिनो ब्रूस्टर त्याचा जुना प्रतिस्पर्धी. वाहत्या रस्त्यावर बेकायदा शर्यत लागते. डिनो मागून धक्का देतो आणि टोबीचा तरुण मित्र पीट गाडीसकट पुलावरून खाली जातो. डिनो पळून जातो, 'मी तिथे नव्हतोच' म्हणतो. दोन वर्षं तुरुंगात जातो टोबी. सुटल्यावर सूड घ्यायचा, तोही आणखी एका बेकायदा शर्यतीत!

आधी चांगलं सांगते. दिग्दर्शक स्कॉट वॉ स्वतः स्टंटमन होता. त्याने संगणकावर विसंबून न राहता खऱ्या गाड्या पळवल्यात. म्हणून गाडी उलटते तेव्हा तिचं वजन जाणवतं.

आता खटकलेलं. डिनोविरुद्धचा पुरावा म्हणजे त्याची लाल कोनिगसेग. ती टोबीच्या हाती लागते. तुम्ही काय केलं असतं? टोबी तीच गाडी शर्यतीत उतरवतो. आपल्या भाषेत, हातातलं एकुलतं एक सॅम्पल, काहीही न मोजता, थेट भट्टीत! सिनेमाला यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याच्या लेखी जिंकणं हाच पुरावा. गंमत म्हणजे शेवटी डिनो अडकतो तो त्या गाडीमुळे, हरल्यामुळे नाही.

दुसरं. पीट डिनोमुळे गेला हे खरं, पण कारण तेवढंच का? ताशी 60 ला ब्रेक दाबल्यावर साधारण 20 मीटरमध्ये थांबणारी गाडी 240 ला 320 मीटर घेईल. वेग चौपट, थांबायचं अंतर सोळापट. अशा वेगात जीव जायला डिनोच लागतो असं नाही, एखादी वळणारी रिक्षाही पुरते. रात्री विजापूर रोडवर दोन बाईक एकमेकींना खेटून सुसाट गेल्या की मला हेच आठवतं. तिथे कुणी खलनायक नसतो.

सिनेमा मात्र डिनोला पकडून मोकळा होतो. शर्यत निर्दोष सुटते, वर टाळ्याही घेते.

सिनॉप्सिस लिहिताना हे टाळा. एक कारण सापडलं की लगेच थांबू नका. 'हे नसतं, तरी असंच झालं असतं का?' एवढं विचारा. गाईड विचारायच्या आधी तुम्हीच विचारलेलं बरं.