जागा जुळली म्हणजे ओळख पटली?

गॅमा किरण देणाऱ्या स्पंदकांविषयी लिहिताना 'जेमिंगा'ची गोष्ट हमखास येते. ती बहुधा अशी सांगतात : १९७२ साली सोडलेल्या सॅस-२ उपग्रहाला मिथुन राशीत गॅमा किरणांचा अनोळखी स्रोत दिसला, १९९२ साली रोसॅट उपग्रहाला त्याच जागी क्ष-किरणांत स्पंदक सापडला, कोडे सुटले. आम्हीही व्याख्यानांतून ती अशीच सांगत आलो. यातले एकही साल चुकीचे नाही. तरीही ही मांडणी सदोष आहे, असे आता आम्हांला वाटते.

मधली वीस वर्षे तिच्यातून गळतात. गॅमा किरण भिंगाने एकवटता येत नाहीत. त्यामुळे नंतरच्या कॉस-बी उपग्रहालाही स्रोताची जागा ढोबळच सांगता आली. ते क्षेत्र चंद्रबिंबापेक्षा लहान नव्हते. एवढ्या क्षेत्रात क्ष-किरणांचे अनेक स्रोत असू शकतात. १९८३ साली बिन्यामी, काराव्हेओ व लॅम्ब यांनी आइन्स्टाइन वेधशाळेच्या निरीक्षणांवरून त्यांतील एकाकडे बोट दाखवले. तो क्ष-किरणांत ठळक, पण दृश्य प्रकाशात जवळजवळ दिसेनासा होता. मुद्दा चांगला होता, पण तो पुरावा नव्हता.

त्याच सुमारास या स्रोताचा आवर्तनकाल ५९ सेकंद असल्याचा दावा झाला. तो टिकला नाही. मोजके फोटॉन घेऊन असंख्य आवर्तनकाल पडताळले, की एखादा योगायोगानेही जुळतो. लेखांतून नेमका हाच प्रसंग गाळला जातो. वर्गात सर्वांत उपयोगी तोच आहे.

१९९२ साली हॅल्पर्न व होल्ट यांना रोसॅटच्या नोंदींत ०.२३७ सेकंदाचा आवर्तनकाल मिळाला. तोच मग एग्रेट दुर्बिणीच्या गॅमा नोंदींत आणि पुढे कॉस-बी व सॅस-२ यांच्या जुन्या नोंदींतही सापडला. ओळख पटली ती तेव्हा.

रात्री चाळीतून तबला ऐकू येतो आणि एका खोलीत दिवा दिसतो. वादक त्याच खोलीत आहे कशावरून? खिडकीतली सावली त्याच ठेक्यात हलली, तरच म्हणता येईल.

२००८ साली सोडलेल्या फर्मी दुर्बिणीमुळे गॅमा स्पंदकांची संख्या जवळजवळ ३०० झाली आहे. त्यांतील अनेकांचे क्ष-किरणांतील रूप अजून सापडायचे आहे. तेव्हा 'काय सापडले?' इतकेच सांगून थांबू नये. 'कशावरून?' हेही विद्यार्थ्यांना विचारू द्यावे. आमच्या व्याख्यानातही यापुढे ५९ सेकंदांची चूक असेल.