अजून कोणी बरं झालेलं नाही

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘शंभर गिल्डर प्रिंट’ या छापचित्रात चमत्कार शोधायला गेलं तर तो सापडत नाही. आजाऱ्यांची रीघ लागली आहे, पण त्यातला एकही जण अजून बरा झालेला नाही. म्हातारा काठीच्या आधारानेच चालतो आहे, कुणाला ढकलगाडीवर घालून आणलं आहे, चटईवरच्या बाईला उठून बसण्याचंही त्राण नाही. येशूनं रोग्यांना बरं केल्याच्या प्रसंगांवर युरोपात शतकानुशतकं चित्रं निघाली. त्यांतल्या पुष्कळ चित्रांत रोगी उठतो तोच क्षण पकडलेला असतो, कारण नाट्य तिथं असतं. रेम्ब्रांट त्या क्षणाच्या अलीकडे थांबला. माणसं अजून मोडलेलीच आहेत आणि तरी त्यांना जवळ येऊ दिलं आहे, एवढंच त्याला दाखवायचं होतं. मला ख्रिस्ती करुणेचं याहून नेमकं चित्र माहीत नाही.

हे एचिंग 1648 च्या सुमाराचं, ॲम्स्टरडॅममध्ये केलेलं. आकार साधारण 28 सेंटिमीटर बाय 39 सेंटिमीटर. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय रेम्ब्रांटनं त्यात अख्खा बसवला आहे: रोग्यांचा समुदाय, वाद घालायला आलेले परुशी म्हणजे धर्मपंडित, लेकरांना घेऊन येणाऱ्या आया आणि त्यांना दटावणारे शिष्य, श्रीमंत तरुण. सुईच्या नेढ्यातून उंट जाण्याची गोष्ट आहे म्हणून उजवीकडे वेशीच्या कमानीत उंटसुद्धा आहे. गंमत अशी की, त्या अध्यायात रोग्यांच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आलं आहे. वाद, प्रश्नोत्तरं, उपदेश यांनाच तिथं जास्त जागा आहे. रेम्ब्रांटनं हे माप उलटं केलं. त्या एका वाक्यातून त्यानं चित्राची सगळी उजवी बाजू उभी केली.

आता खाली, येशूच्या पायांशी पाहा. ती चटईवरची बाई एक हात उचलते आहे, पण मनगटातच जोर नाही. तिच्यामागे दुसरी एक गुडघे टेकून हात जोडते आहे, आणि तिच्या जोडलेल्या हातांची सावली येशूच्या पांढऱ्या झग्यावर पडली आहे. प्रिंट घाईनं पाहिली तर ही सावली नजरेतून सुटते. पण एकदा दिसली की डोळा पुन्हा पुन्हा तिथंच जातो. बाईचे हात अजून त्याच्यापर्यंत पोचलेले नाहीत, सावली मात्र पोचली आहे. आपल्याकडे माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला. हे रेम्ब्रांटच्या कानावर असण्याचं कारण नाही, पण ते ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ही सावली साधी छायाप्रकाशाची करामत वाटणार नाही. पुढे होऊन दान देणं तुलनेनं सोपं असतं. मोडक्या माणसाची सावली अंगावर येऊ देणं, आणि जागचं न हलणं, हे अवघड. येशू हललेला नाही.

रेषांची वाटणीही पाहण्यासारखी आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईनं त्यावर चित्र काढतात आणि उघडं पडलेलं तांबं ॲसिडनं खाल्लं जातं. ड्रायपॉइंटमध्ये सुई थेट तांब्यावर ओढतात. त्यामुळे रेषेच्या कडेला धातूची बारीक कोर उठते, ती शाई धरून ठेवते आणि छाप्यात मखमलीसारखा मऊ काळोख उतरतो. रेम्ब्रांटनं या पत्र्यावर दोन्ही रीती वापरल्या, शिवाय कोरणीही चालवली. डावीकडचे परुशी लख्ख उजेडात आहेत, पण नुसत्या बाह्यरेषांत. काही तर कच्चे ठेवल्यासारखे वाटतात. काळोखातून येणाऱ्या रोग्यांवर मात्र त्यानं रेषेवर रेष चढवली आहे. सुरकुती, फडकं, वाळलेली नडगी, काहीही उरकून टाकलेलं नाही. विद्वानांना त्यानं उजेड दिला आणि आजाऱ्यांना वेळ दिला. परुश्यांची चेष्टा त्यानं केलेली नाही हेही नोंदवायला हवं. ते आपापसांत बोलण्यात गुंतले आहेत, इतकंच.

येशूजवळच्या दाढीवाल्या माणसाला त्याचा शिष्य पेत्र समजतात. तो लेकरू घेऊन आलेल्या आईला अडवू पाहतो आहे. येशू त्याला ढकलत नाही. आईच्या दिशेनं त्याचा हात पुढे झाला आहे आणि तेवढ्यानं पेत्राची आडकाठी निकालात निघते. चेहऱ्यावर राग नाही, थोडा थकवा आहे. त्याच्या डोक्याभोवतीचे किरण मला चित्रात सगळ्यात कमी गरजेचे वाटतात. तो कोण आहे हे त्या हातानं आधीच सांगितलं आहे.

श्रीमंत तरुण डावीकडे बसला आहे, अंगावर उंची कपडे, हात तोंडाशी. शुभवर्तमानात त्याला संपत्ती सोडवत नाही आणि तो खिन्न होऊन निघून जातो. इथं तो अजून गेलेला नाही. मला हाही रोग्यांपैकीच एक वाटतो, फक्त त्याचं दुखणं कपड्याखाली झाकलेलं आहे. त्याला या चित्रात कुणी हाकललेलं नाही.

अशी नजर रेम्ब्रांटकडे एकाएकी आली नव्हती. तरुणपणीच, 1630 मध्ये, त्यानं वाटेच्या कडेला बसलेल्या भिकाऱ्याचं एक एचिंग केलं आणि त्या भिकाऱ्याला स्वतःचा चेहरा दिला. पुढे तीन मुलं तान्हेपणीच गेली, 1642 मध्ये बायको सास्किया गेली. दुःखानं माणूस आपोआप कनवाळू होतो असं मला म्हणायचं नाही. पण रांगेतल्या माणसांना त्यानं पलीकडच्या काठावरून पाहिलं नव्हतं, हे त्या भिकाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

एका प्रतीला शंभर गिल्डर, म्हणजे त्या काळी डोळे विस्फारावेत अशी, किंमत आल्याची बोलवा झाली आणि रेम्ब्रांटच्या हयातीतच चित्राला ते नाव चिकटलं. ड्रायपॉइंटची ती कोर नाजूक असते, थोड्याच छाप्यांत दबून जाते. म्हणून पहिल्या प्रतींतला मऊ काळोख नंतरच्या प्रतींत नाही. अठराव्या शतकात झिजलेला पत्रा विल्यम बेली या कॅप्टनाच्या हाती आला. त्यानं रेषा पुन्हा कोरून काही प्रती काढल्या, मग पत्र्याचे चार तुकडे केले आणि तेही वेगवेगळे छापले. त्यानं हे वाईट हेतूनं केलं असं नाही. रेम्ब्रांटवर त्याचा जीव होता. पण रोगी, परुशी, तरुण आणि येशू एकाच पत्र्यावर राहण्यात या चित्राचा प्राण आहे. कापून वेगळा काढलेला येशू कितीही सुबक छापला, तरी ज्यांच्यासाठी त्यानं हात पुढे केला ती माणसं दुसऱ्याच कागदावर राहतात.