मों ओंक्ल
मों ओंक्ल : (माझा मामा). उपनगरातील सुखवस्तू जीवनाचा व त्यातील वस्तुलोभाचा उपहास करणारा फ्रेंच चित्रपट. दिग्दर्शक व प्रमुख नट झाक ताती (१९०७–८२). मे १९५८ मध्ये फ्रान्समध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटास त्याच वर्षी कॅन महोत्सवात परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक व १९५९ मध्ये परभाषीय चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. एवढ्या सन्मानानंतरही त्याच्या उपहासाचा रोख नेमका कशावर आहे, याविषयी समीक्षकांत एकमत झालेले नाही.

प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या कारखान्याचे चालक आर्पेल, त्यांची पत्नी व मुलगा झेरार हे एका अत्याधुनिक बंगल्यात राहतात. श्रीमती आर्पेल यांचा भाऊ यूलो मात्र जुन्या वस्तीतील एका वेड्यावाकड्या इमारतीच्या माथ्यावर राहतो. मुलाला या निरुद्योगी मामाचा लळा. वडिलांना त्याचीच चिंता. एवढ्याच सूत्रावर चित्रपट उभा आहे. जुन्या वस्तीचे चित्रण पॅरिसजवळील सँ-मोर येथे झाले. बंगला मात्र नीस येथील स्टुडिओत उभारलेला देखावा होता. त्याची कल्पना चित्रकार झाक लाग्रांझ याची.

चित्रपटावरील मुख्य आक्षेप गतकालविव्हलतेचा आहे. जुनी वस्ती प्रेमळ व रसरशीत, नवी वस्ती निर्जीव, ही विभागणी अनेकांना फार सोपी वाटली. त्या काळी समीक्षक म्हणून लिहिणाऱ्या फ्रांस्वा त्र्युफोने चित्रपटात कालचे व उद्याचे जग आहे, आजचे नाही, अशा आशयाची टीका केली. काहींना विनोदांची पुनरावृत्तीही कंटाळवाणी वाटली. या आक्षेपात तथ्य आहे. पडक्या घरांतील गैरसोय व दारिद्र्य ताती दाखवीत नाही. तेथील मंडळींना पोटाची विवंचना असल्याचे क्वचितच जाणवते.

तथापि यंत्रद्वेष हा चित्रपटाचा गाभा मानणे चुकीचे ठरेल. आपला आधुनिक वास्तुशिल्पाला विरोध नाही. घर बांधण्याच्या परवान्याप्रमाणे त्यात राहण्याचाही परवाना असावा, असे ताती म्हणत असे. बंगल्याच्या अंगणातील माशाच्या आकाराचे कारंजे याची साक्ष देते. फाटकाची घंटा वाजताच श्रीमती आर्पेल ते सुरू करतात; आलेली व्यक्ती भाऊ किंवा फेरीवाला असल्याचे दिसताच बंद करतात. पाणी बागेसाठी नसून पाहुण्याच्या प्रतिष्ठेसाठी उडते. रात्री वरच्या मजल्यावरील दोन वाटोळ्या खिडक्यांत पतिपत्नींची डोकी दिसतात, तेव्हा घरालाच बुबुळे फुटून ते शेजाऱ्यांवर पाळत ठेवीत असल्याचा भास होतो. उपहास वस्तूंचा नाही. वस्तू इतरांना दिसाव्यात म्हणून जगण्याचा आहे. स्वयंचलित दाराच्या गॅरेजमध्ये कुत्र्यामुळे मालकच कोंडले जातात, हा प्रसंगही त्याच जातीचा. शेवटी आर्पेलच्या एका शिटीने एक वाटसरू दिव्याच्या खांबावर आदळतो आणि बाप व मुलगा एकमेकांचा हात धरून लपतात. केवळ जुन्याची बाजू घेणाऱ्या दिग्दर्शकाने ही क्षमा बापाला केली नसती.

ध्वनिसंयोजनाविषयी मात्र दुमत नाही. मिशेल शियों या अभ्यासकाने तातीच्या चित्रपटांतील ध्वनीचे विशेष विवेचन केले आहे. श्रीमती आर्पेल यांच्या टाचांची टकटक, स्वयंपाकघरातील यंत्रांची गुणगुण हे आवाज संवादांपेक्षा अधिक बोलतात. किंबहुना येथील संवाद कळले नाहीत, तरी फारसे बिघडत नाही.

क्रिस्टिन रॉस या अमेरिकन अभ्यासिकेने १९९५ मधील आपल्या ग्रंथात युद्धोत्तर फ्रान्समधील मोटारी, स्वच्छता व गृहोपयोगी यंत्रे यांच्या संदर्भात तातीच्या चित्रपटांचा विचार केला. त्यामुळे आर्पेल कुटुंब ही तातीची लहर नसून त्या दशकातील वेगवान आर्थिक वाढीतून घडलेला वर्ग आहे, हे स्पष्ट झाले.

पुढील इतिहास उपरोधाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. चित्रीकरणानंतर मोडून टाकलेल्या बंगल्याची पूर्णाकृती प्रतिकृती २००९ मध्ये पॅरिस येथे उभारण्यात आली, तर २०१४ च्या व्हेनिस वास्तुशिल्प प्रदर्शनात फ्रान्सच्या दालनात त्याचा नमुना मांडण्यात आला. बसताना अंग अवघडावे अशा बेताने योजिलेल्या त्यातील आसनांच्या मर्यादित प्रतीही निघाल्या, आणि त्या संग्राहकांनी विकत घेतल्या.