‘क्षार’ शब्दाची संदिग्धता आणि वनस्पतिपेशीचे लवणसहन

वनस्पतिपेशी खारेपणाला कशी तोंड देते, याविषयीच्या मराठी लेखनाचे भाषिक अंगाने परीक्षण केले असता एक दोष प्रथम नजरेत भरतो. ‘क्षार’ हा एकच शब्द तेथे दोन अर्थांनी योजिला जातो : कोणतेही लवण, आणि आम्लाच्या उलट गुणाचा अल्कधर्मी पदार्थ. हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. पेशीच्या व्यवहाराचे आकलनच या संदिग्धतेमुळे बिघडते.

लवणाचा आघात दुहेरी असतो. मातीत मीठ वाढले की मुळांना पाणी घेणे जड जाते. हा तर्षणजन्य ताण होय. प्रोलीनसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठवून पेशी त्यास तोंड देते. पुढे सोडियम पेशीद्रव्यात साचतो व पोटॅशियमवर विसंबणाऱ्या एंझाइमांच्या कार्यात अडथळा आणतो. हा आयनजन्य ताण. यावरील उपाय निराळा. पेशीतील कॅल्शियमची वाढ एसओएस-३ हे प्रथिन जाणते व एसओएस-२ ला चालना देते. एसओएस-२ फॉस्फेट जोडून पेशीपटलावरील एसओएस-१ ला कार्यप्रवृत्त करते. एसओएस-१ एक प्रोटॉन आत घेते आणि त्याच्या मोबदल्यात सोडियम बाहेर टाकते. आत राहिलेला काही सोडियम रिक्तिकेत कोंडला जातो.

या अदलाबदलीसाठी पेशीबाहेर प्रोटॉनांची विपुलता हवी. खारवट जमिनीचा पीएच सामान्यतः ८.५ हून कमी, तर चोपण जमिनीचा त्याहून अधिक असतो. चोपणात बाहेरील प्रोटॉन विरळ होतात व सोडियम हाकलणे पेशीस अधिक कठीण जाते. शेतकऱ्याची भाषा हा भेद राखते. ग्रंथकार मात्र पुष्कळदा दोन्हींस ‘क्षारयुक्त’ म्हणून मोकळा होतो. खारवट जमीन निचऱ्याची सोय करून गोड्या पाण्याने धुता येते. चोपणास आधी जिप्सम द्यावे लागते. नाव चुकले, तर उपायही चुकण्याचा संभव आहे.

दुसरा दोष भाषांतराचा. १९९६ साली च्यान-कांग झू व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲराबिडॉप्सिसची मिठाने सहज खुरटणारी उत्परिवर्तित रोपे वर्णिली. ‘एसओएस’ या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ ‘लवणास अतिसंवेदनशील’ असा आहे. जनुक बिघडल्यावर जे दिसते, त्यावरून जनुकास नाव देण्याची ही रीत. ‘अतिसंवेदनशील जनुक’ असे शब्दशः भाषांतर केल्यास रक्षण करणारे जनुकच दुबळेपणाचे कारण ठरते. अशा स्थळी आद्याक्षरे ठेवून कार्य स्पष्ट सांगावे.

सारांश, शास्त्रीय लेखनात मिठाच्या वर्गासाठी ‘लवण’, विरुद्ध गुणासाठी ‘अल्कधर्मी’, आणि जमिनीसाठी ‘खारवट’ व ‘चोपण’ हे शब्द कटाक्षाने वापरावेत. परिभाषा घडविणाऱ्याने कोशाबरोबर शिवाराकडेही पाहिले पाहिजे. कारण येथे अचूक शब्द तेथे आधीच रूढ आहेत.